पेटीतला दुष्काळ, पेटीतला पूर

आपल्या धर्मग्रामांत नवे वाद्य येते तेव्हा त्याच्या कौतुकात काही उणे राहत नाही. ते वेदीसमोर ठेवले जाते, धर्मगुरू प्रार्थना म्हणून त्यावर पवित्र पाणी शिंपडतात, दात्याचे नाव जाहीर होते, टाळ्या पडतात. वर्षा-दोन वर्षांनी तेच वाद्य सॅक्रिस्टीच्या कपाटात, मेणबत्त्यांच्या खोक्यांमागे, पोटाला चीर पडलेल्या अवस्थेत सापडते आणि कोणीतरी सहज म्हणून जातो, ‘‘हवा बाधली.’’ ह्या दोन शब्दांविषयी आमची तक्रार आहे. हवा कोणालाही गुपचूप बाधत नाही. ती मोजता येते, तिचा अंदाज बांधता येतो आणि वाद्याच्या पेटीपुरती तरी ती ताब्यात ठेवता येते. ती ठेवली जात नाही, कारण ठेवावी असे आपल्याला मनापासून वाटत नाही. ह्या न वाटण्याविरुद्ध आम्हांला आज लिहावयाचे आहे, आणि त्यासाठी आम्ही मुद्दामच सर्वांत लहान, सर्वांत दुर्लक्षित वाद्य निवडले आहे. ते वाद्य म्हणजे युकुलेली.

धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणि तरुणांच्या गायकवृंदांत हे चार तारांचे वाद्य आता बऱ्यापैकी रुळले आहे. लहान मुलाच्या बोटांना त्याची मान झेपते, तारा बोचत नाहीत, किंमत गिटारच्या मानाने बेताची असते आणि तीन-चार स्वरमेळ बसले की मूल मिस्सेतील एखाद्या सोप्या गीताला साथ करू लागते. तरीही घरोघर ऐकू येते ते एकच वाक्य : ‘‘हे तर खेळणे. त्याला कसली पेटी आणि कसली निगा?’’ ज्यांना हे वाद्य खेळणे वाटते त्यांनी त्याचा जन्म कोठे व कसा झाला हे आधी जाणून घ्यावे.

ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदैरा बेटावरील मजुरांना घेऊन हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरास लागले. ही माणसे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करार करून आली होती. त्यांत मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे तीन सुतार होते. तिसऱ्याच्या नावात तर प्रत्यक्ष पवित्र आत्माच आहे. मळ्यांतील कराराची बांधिलकी संपल्यावर ह्या कॅथलिक कारागिरांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि आपल्या गावाकडच्या ‘माशेत’ नावाच्या लहान तंतुवाद्याच्या धर्तीवर, तेथील कोआ वृक्षाच्या लाकडातून, नवे वाद्य घडविले. हवाईचा राजा कालाकौआ ह्याने त्याला राजाश्रय दिला. ज्या पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ ह्या काळात वसईवर राज्य केले व आपल्या पूर्वजांच्या उपासनेला नवे सूर दिले, त्यांच्याच एका बेटावरील गरीब सुतारांच्या हातांतून हे वाद्य उतरले आहे. त्याला खेळणे म्हणताना आपण निदान त्या हातांचा तरी मान राखावा.

ह्या इतिहासात आमच्या विषयाचे मूळही दडले आहे. हवाईची हवा समुद्राने वेढलेली. तेथील हवेत सापेक्ष आर्द्रता बहुतेक काळ ६० ते ७० टक्क्यांच्या घरात असते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर युकुलेलीचे वेड अमेरिकाभर पसरले. ओलसर बेटावर वाढलेल्या झाडाचे लाकूड, हिवाळ्यात शेगड्यांनी तापविलेल्या बंद घरांत जाऊन पडले. अशा घरांतील कोरड्या हवेत पातळ लाकूड आक्रसते आणि तडकते. युकुलेलीच्या पेटीत ओल राखण्याची जी विद्या आज जगभर सांगितली जाते तिचे मूळ कारण हेच आहे.

लाकूड कापले गेले तरी हवेशी देवघेव करणे सोडीत नाही. हवा ओली झाली की ते पाणी शोषून फुगते, कोरडी झाली की पाणी सोडून आक्रसते. पावसाळ्यात आपल्या घराचे दार चौकटीत अडकते आणि मे महिन्यात तेच खडखडते, हा अनुभव कोणाला नाही? नासरेथच्या योसेफालाही आपल्या कामठ्यात हा धडा गिरवावा लागला असेल. ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत लाकडाच्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी त्यात टिकून राहते. आर्द्रता २० टक्क्यांवर उतरली की ते निम्म्यावर, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास येते. आणि ८० टक्क्यांवर गेली की सुमारे १६ टक्के होते. फुगणे व आक्रसणे हे प्रामुख्याने रेषांच्या आडव्या दिशेने घडते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. युकुलेलीची पुढची पाटी असते जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. ती आडवी आक्रसू पाहते, पण आतून चिकटविलेल्या दांड्या व कडेची चौकट तिला जागचे हलू देत नाहीत. एक ओढतो, दुसरा सोडीत नाही, आणि मग रेषेच्या कडेने लाकूड चिरते. म्हणूनच वाद्य घडविणारे सर्वसाधारणपणे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात.

तडा जाण्यापूर्वी वाद्य सूचना देत असते, पण आपण ती ऐकत नाही. कोरडेपणा वाढला की मानेवरील पट्टी आक्रसते, धातूचे पडदे मात्र आक्रसत नाहीत. त्यांची टोके कडेला बाहेर येतात आणि बोटाला खरखरीत लागतात. पुढची पाटी किंचित खोल जाते, तारा खाली येतात व पडद्यांवर घासून भणभणतात. ओल वाढली की उलटे घडते. पाटी पोट फुगल्यासारखी वर येते, तारा पट्टीपासून उंच जातात, दाबताना मुलाची बोटे दुखू लागतात, आवाज बसल्यासारखा होतो, खुंट्यांना गंज चढतो, पेटीच्या अस्तराला कुबट वास येतो आणि शेवटी घोडी सुटू लागते. अशा वेळी आपण मुलाला काय सांगतो? ‘‘तुझा सराव कमी पडतो.’’ दोष पेटीतील हवेचा, ठपका लेकरावर. ज्या मुलाला दोनदा असे ऐकावे लागते ते तिसऱ्यांदा वाद्य हाती घेत नाही. नुकसानीचा हिशेब मांडावयाचा तर तो तडकलेल्या लाकडापेक्षा ह्या गप्प झालेल्या मुलापासून मांडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता विरोधकांकडे वळू. पहिला पक्ष म्हणतो, ‘‘लाकडाला पाणी म्हणजे विष. पेटीत ओल ठेवणे हा शुद्ध वेडेपणा.’’ हा पक्ष आपल्या किनाऱ्यावर वाढलेला असून चार महिन्यांच्या पावसाने त्याचे मत बनविले आहे. परंतु आपली किती कुटुंबे आज कॅनडात आहेत! तेथील हिवाळ्याचा हिशेब पाहा. शून्य अंश तापमानाची हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरात सुमारे ५ ग्रॅमच बाष्प धरते. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापली की तिची धारणशक्ती सुमारे १७ ग्रॅम होते. म्हणजे घरात सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आतच राहणार. बाहेर उणे १० अंश असतील तर ती १५ टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. बाहेर बर्फ साचलेला दिसतो, म्हणून आई-वडिलांना वाटते की हवा ओली आहे. खोलीत मात्र वाद्यावर दुष्काळ पडलेला असतो. गावी आलेल्या काकाने प्रेमाने दिलेली कोआची किंवा महोगनीची युकुलेली तेथे भिंतीवर शोभेसाठी टांगली जाते, आणि तीही गरम हवेच्या झडपेजवळ. बाबेलच्या बंदिवासात यहुद्यांनी आपली वाद्ये झाडांवर टांगली ती दुःखाने. आपण भिंतीवर टांगतो ती दिखाव्यासाठी. दुःखाने टांगलेले वाद्य एक दिवस खाली उतरते, शोभेचे वाद्य चिरेपर्यंत तेथेच राहते.

अशा घरात उपाय सोपा आहे. वाद्य वाजवून झाले की ते घट्ट बंद होणाऱ्या कडक पेटीत ठेवावे. कापडी पिशवी धुळीपासून वाचवील, हवेपासून वाचविणार नाही. पेटीत डोक्याच्या बाजूला, खुंट्यांखालच्या मोकळ्या जागेत, झाकणाला भोके पाडलेली साबणाची डबी ठेवावी व तीत ओला करून चांगला पिळलेला स्पंज असावा. एकही थेंब गळता कामा नये, आणि ओला स्पंज लाकडाला टेकता कामा नये. पाणी शक्यतो ऊर्ध्वपातित वापरावे, म्हणजे क्षार साचत नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज तपासावा. वाळलेला स्पंज हा विझलेल्या दिव्यासारखा, असून नसल्यासारखा. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी क्षारद्रावण भरलेल्या तयार पुड्या मिळतात. त्या हवा कोरडी झाली की बाष्प सोडतात व ओली झाली की शोषतात, त्यामुळे पेटीतील आर्द्रता ठरलेल्या आकड्याच्या आसपास राहते.

दुसरा पक्ष पहिल्याच्या नेमका उलट आणि आमच्या मते अधिक घातक आहे, कारण तो स्वतःला जाणकार समजतो. परदेशी पुस्तिकेत लिहिले आहे म्हणून हा पक्ष वसईत, ऐन जुलैत, पेटीत ओला स्पंज ठेवतो. बाहेर धो धो पाऊस, हवेत ८५-९० टक्के आर्द्रता, आणि ह्याचे वाद्य ओल्या स्पंजाशेजारी कोंडलेले! हा पेटीतला पूर आहे. थंड देशांत लिहिलेला उपदेश आपल्या किनाऱ्यावर जसाच्या तसा राबविणे म्हणजे आज्ञापालन नव्हे. ती विचार करण्याची टाळाटाळ आहे. आपल्या पावसाळ्यात पेटीला ओल नको, शोषक हवा. त्यासाठी सिलिका जेलचे दाणे कापडी पुरचुंडीत बांधून ठेवावेत. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते भरले केव्हा हे डोळ्यांना कळते. मग ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून वाळविता येतात. बुटांच्या खोक्यातून उचललेली चिमूटभर पुडी मात्र बहुधा आधीच ओल पिऊन तृप्त झालेली असते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. आणि शोषकही बेहिशेबी ठेवू नये, नाहीतर पुराच्या भीतीने आपणच दुष्काळ निर्माण करू.

शिवाय आपला महाराष्ट्र म्हणजे केवळ किनारा नव्हे. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील आपल्या धर्मग्रामांत, त्याहून अधिक नागपूर-विदर्भात, एप्रिल-मे महिन्यांतील दुपारची हवा २० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही खाली कोरडी होते. तेथे उन्हाळ्यात स्पंज हवा आणि पावसाळ्यात शोषक हवा. वसईच्या वातानुकूलित खोलीतून वाद्य ऑगस्टमध्ये थेट चर्चच्या माळ्यावर नेले तर एका तासात त्याला दोन ऋतू भोगावे लागतात. नाताळच्या मध्यरात्री, ईस्टरच्या जागरणाला वा मे महिन्यातील भर उन्हात बंद मोटारीत ठेवलेल्या वाद्याचे काय होते, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. एकाच वाद्याला स्थळ व काळ पाहून वेगळी सेवा लागते. मेंढपाळ प्रत्येक मेंढराला ओळखतो असे आपण प्रवचनांतून ऐकतो. वाद्याच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की आधी विचारावे, ‘‘तुला आज काय हवे?’’

हे विचारण्याचे साधन आहे आर्द्रतामापक. पेटीत मावेल एवढा लहान मापक फार महाग नसतो. तो खरे सांगतो की नाही हे पडताळण्यासाठी प्रयोगशाळा नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे, त्यात पाण्याचे काही थेंब घालून ते दाट, ओलसर करावे, विरघळू देऊ नये. ते झाकण आणि मापक, एकमेकांना न लागता, हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावेत. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखविले पाहिजेत. कमी-अधिक दाखविले तर तेवढा फरक लक्षात ठेवून पुढचे वाचन करावे. स्वयंपाकघरातले मीठ असे साक्षीला उभे राहत असताना ‘‘आम्हांला काय कळणार?’’ हे निमित्त कोणालाही सांगता येणार नाही.

तिसरा पक्ष छातीठोकपणे म्हणतो, ‘‘माझ्या युकुलेलीला दहा वर्षे काही झाले नाही.’’ अशांनी आवाज-भोकाच्या कडेकडे नीट पाहावे. तेथे पातळ थरांच्या कडा दिसल्या, तर वाद्य प्लायवूडसारखे थर चिकटवून केलेले आहे. थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असल्याने असे लाकूड सहसा आक्रसून चिरत नाही. स्वस्त वाद्ये बहुतेक अशीच असतात, प्लास्टिकचीही मिळतात, आणि नवशिक्या मुलासाठी ती घेण्यात आम्हांला काहीच गैर वाटत नाही. उलट, जेथे निगा राखणारे कोणी नाही तेथे तीच घ्यावीत. परंतु त्यांच्या अनुभवावरून एकसंध लाकडाच्या वाद्याला नियम लावू नयेत. आणि थरांच्या वाद्यालाही बुरशी, गंज व सरसाची झीज चुकत नाही.

राहिला चौथा पक्ष, सर्वांत सौम्य बोलणारा आणि सर्वांत मोठा. तो म्हणतो, ‘‘फादर, एवढा व्याप कशाला? मोडली तर दुसरी घेऊ. नाहीतर कीबोर्ड आहेच.’’ ह्या वाक्यात आमच्या काळाचा सारा रोग साठला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहून वापरून फेकून देण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. आपण त्यावर व्याख्याने ठेवली, झाडे लावली, छायाचित्रे काढली. मग ज्या झाडाने आपले खोड देऊन वाद्य बनू दिले, त्याला पुन्हा एकदा मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? कीबोर्डशी आमचे वैर नाही. दमट हवेत त्याच्याही कळा बिघडतात. पण कळ दाबताच आपोआप वाजणारा ठेका ऐकत बसणारे मूल आणि रविवारी मिस्सेपूर्वी पेटी उघडून, मापक वाचून, तारा जुळवून घेणारे मूल, ह्यांच्या उपासनेत फरक पडतोच. दुसऱ्याने मिस्सेची तयारी केलेली असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि इतर वाद्यांनाही, ती पवित्र कार्याला साजेशी असतील व श्रद्धावंतांच्या उन्नतीला हातभार लावीत असतील तर, दार उघडे ठेवले. आपण त्या दारातून वाद्ये आत आणली. आता ती साजेशी ठेवण्याची जबाबदारी कोणाची? बेसूर, भणभणणारे, कुबट वासाचे वाद्य वेदीजवळ चालते, पण ठिगळ लावलेले वेदीवस्त्र चालत नाही, हा न्याय आम्हांला समजत नाही.

वास्तविक ही दृष्टी आपल्या मातीला नवी नाही. हलगी वाजविणारा वादक हलगी शेकल्याशिवाय हात लावीत नाही. दमट हवेत चामडे सैल पडते हे त्याला कोणत्याही पुस्तिकेने शिकविलेले नाही. मिरजेच्या तंतुवाद्यकारांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळा आणि लाकूड वाळवून सतार-तंबोरे घडविले, आणि त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या कारागिराला जे ठाऊक आहे ते गायकवृंदाला ठाऊक नसावे, ही अडाणीपणाची नव्हे, अनास्थेची खूण आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे, आणि ती कटू वाटली तरी आम्ही ती मागे घेणार नाही. यापुढे कोणत्याही धर्मग्रामाने एकसंध लाकडाचे वाद्य दान म्हणून स्वीकारताना त्यासोबत तीन गोष्टी मागाव्यात : घट्ट बंद होणारी पेटी, तपासलेला आर्द्रतामापक, आणि आठवड्यातून दोनदा ती पेटी उघडण्याचे वचन देणारी एक व्यक्ती. ह्या तीन गोष्टी नसतील तर दान नम्रपणे नाकारावे. दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ दिलेले वाद्य कपाटात चिरून पडणे हा त्या स्मृतीचाच अवमान आहे, आणि तो होण्यापेक्षा नकार बरा. जी वाद्ये आज कपाटांत आहेत ती ह्याच महिन्यात बाहेर काढावीत. ज्यांना तडा गेला आहे ती टाकू नयेत; आधी काही दिवस योग्य ओलीत ठेवून लाकूड स्थिरावू द्यावे, मग कारागिराकडून आतून पट्टी लावून चीर सांधून घ्यावी. बहुतेक चिरा सांधता येतात.

आपल्या प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील तिसऱ्या दासाने आपला तालांत जमिनीत पुरला. निदान तो जसाच्या तसा परत तरी मिळाला. आपण पुरलेले वाद्य तसेही परत मिळत नाही, कारण लाकूड म्हणजे चांदी नव्हे. ते हवेबरोबर रोज बदलत असते आणि रोज कोणीतरी आपल्याकडे पाहावे अशी त्याची अपेक्षा असते. येत्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर प्रत्येक कुटुंबाने घरातील वाद्याची पेटी उघडावी, पडद्यांच्या टोकांवरून हळूच बोट फिरवावे, अस्तराचा वास घ्यावा आणि मग ठरवावे की आत दुष्काळ आहे की पूर. उपाय दोन्हींवर आहेत, आणि ते आपल्या हाताशी आहेत.